कुंडीतले पदार्थविज्ञान

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी गॅलरीत, खिडकीच्या जाळीत किंवा अंगणात चार-सहा कुंड्या असतीलच. एकीत तुळस, दुसरीत गुलाब, तिसरीत मोगरा, बाटलीत खोचलेला मनीप्लँट आणि कोपऱ्यात कुणीतरी आणून दिलेली कोरफड. यांपैकी एखादे झाड दर वर्षी मरतही असेल. झाड मेले, की घरात दोनच निदाने होतात. एक, "पाणी कमी पडले." दुसरे, "आमच्या हाताला गुणच नाही." पहिले निदान पुष्कळदा चुकीचे असते आणि दुसरे तपासून पाहण्याची काही सोय नाही!

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. मी झाडांविषयी लिहिणे म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या बागेत कुंपणावरून उडी मारणे आहे, असे कुणाला वाटेल. पण या कुंपणावरून माझ्याआधी फार मोठी माणसे गेली आहेत. विद्युत्‌लहरींवर मूलभूत संशोधन करणारे जगदीशचंद्र बोस पुढे वनस्पतींकडे वळले. झाडाची डोळ्यांना न दिसणारी वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारे 'क्रेस्कोग्राफ' हे यंत्र त्यांनी बनवले. आपल्याला एवढ्या यंत्राची गरज नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा, एक स्पंज, थोडे मीठ आणि आपली बोटे एवढे साहित्य पुरे.

झाड पाणी पिते, मग ते जाते कोठे?

सुमारे तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचे एक धर्मोपदेशक होते. प्रत्येक गोष्ट मोजून पाहण्याचा त्यांना छंद. त्यांनी कुंडीतले एक सूर्यफुलाचे झाड घेतले. कुंडीतल्या मातीतून पाण्याची वाफ परस्पर निघून जाऊ नये म्हणून तिच्यावर शिशाच्या पत्र्याचे झाकण बसवले आणि सकाळ-संध्याकाळ कुंडीचे वजन करायला सुरुवात केली. झाड दिवसाच्या बारा तासांत सरासरी २० औंस, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ५७० ग्रॅम पाणी पानांवाटे हवेत सोडत होते! १७२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात हा प्रयोग दिला आहे.

झाडाने मुळांवाटे घेतलेल्या पाण्यापैकी जेमतेम दोन-तीन टक्के पाणी त्याच्या अंगी लागते. बाकीचे सगळे पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ होऊन जाते. यालाच बाष्पोत्सर्जन म्हणतात. ही उधळपट्टी कशासाठी? कारण कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी झाडाला ही रंध्रे उघडावीच लागतात, आणि दार उघडले की आतली ओल बाहेर पडणारच. पानांतून पाणी उडाले, की तेथवर आलेल्या पाण्याच्या धाग्याला वर ओढ बसते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे तो धागा तुटत नाही, आणि मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी पंपाशिवाय चढते.

आता एक छोटे गणित करू या. हवा किती कोरडी आहे यावर झाडाचे पाणी किती उडणार हे ठरते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. समजा, कोकणातल्या एखाद्या गावी आर्द्रता ८० टक्के आहे. म्हणजे हवेत २४ ग्रॅम वाफ आधीच आहे आणि आणखी फक्त ६ ग्रॅमला जागा आहे. आता उन्हाळ्यातली विदर्भातली दुपार घ्या. तापमान ४० अंश, आर्द्रता २० टक्के. या तापमानाला हवेत ५१ ग्रॅम वाफ मावते आणि तिच्यात आहे फक्त १० ग्रॅम. म्हणजे ४१ ग्रॅमला जागा रिकामी! कोकणापेक्षा ही हवा जवळजवळ सातपट तहानलेली आहे. झाडे अशा वेळी रंध्रे बरीचशी मिटून घेतात, म्हणून प्रत्यक्षात सातपट पाणी लागत नाही. पण "गुलाबाला रोज एक तांब्या पाणी घाला" असा एकच नियम मालवणलाही आणि नागपूरलाही कसा चालेल? इतकेच काय, तुमच्याच गॅलरीत तो मेमध्ये आणि ऑगस्टमध्येही सारखा चालणार नाही.

मुळे बुडतात म्हणजे काय?

कुंडीतली झाडे पाण्यावाचून मरतात, त्याहून कदाचित जास्त झाडे पाण्याने मरतात. हे विधान विचित्र वाटेल. सांगतो.

मूठभर माती घ्या. ती भरीव दिसते, पण चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग पोकळी असतो. या पोकळ्यांत पाणीही हवे आणि हवाही हवी. कारण मुळांच्या पेशींना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या, तर हा ऑक्सिजन पाण्यातून मुळांपर्यंत झिरपत यावा लागतो. आणि पाण्यातून ऑक्सिजनचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद होते. मुळे गुदमरतात, मग कुजतात.

गंमत, किंवा खरे तर दुर्दैव, पुढेच आहे. गुदमरलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही. त्यामुळे बुडणाऱ्या झाडाची पानेदेखील तहानलेल्या झाडासारखीच माना टाकतात! आपण ते पाहतो, हळहळतो आणि आणखी एक तांब्या ओततो. उरलेसुरले काम तो तांब्या करतो.

म्हणून मान टाकलेले झाड दिसले, की आधी झारी उचलू नका. बोट उचला. दोन पेरे मातीत खुपसून पहा. आत कोरडे लागले तर पाणी घाला. ओले लागले तर पाणी बंद करा आणि कुंडीचे भोक बुजले आहे का ते पहा.

स्पंजाचा प्रयोग

"पण कुंडीला खाली भोक असते ना? जास्तीचे पाणी निघून जाईल की!" असे तुम्ही म्हणाल. सगळे जात नाही. त्यासाठी हा प्रयोग करून पहा.

भांडी घासायचा एक नवा, आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा. तो आडवा, सपाट धरा आणि थेंब पडायचे थांबेपर्यंत वाट पहा. पाणी गळायचे थांबले? आता स्पंज न दाबता त्याच्या लांब कडेवर उभा धरा. आणखी पाणी गळू लागेल! ते थांबल्यावर आखूड कडेवर उभा करा. पुन्हा थोडे पाणी येईल.

स्पंज तोच, भोके तीच. मग फरक कशाचा? फक्त उंचीचा. याचे कारण केशाकर्षण. बारीक नळीत पाणी आपोआप वर चढते आणि नळी जितकी बारीक तितके जास्त चढते. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या स्वच्छ नळीत ते सुमारे ३ सेंटिमीटर चढते, तर ०.१ मिलिमीटरच्या नळीत ३० सेंटिमीटर. मातीतल्या पोकळ्या या अशा वेड्यावाकड्या नळ्याच आहेत. त्यामुळे कुंडीच्या तळाशी काही सेंटिमीटरचा थर असा असतो, की त्यातले पाणी गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही. तो भिजलेलाच राहतो. कुंडी उथळ असो की खोल, माती तीच असेल तर या थराची जाडीही जवळजवळ तीच राहते. म्हणून उथळ कुंडीत मुळांना हवेशीर जागा फार थोडी उरते आणि खोल कुंडीत पुष्कळ उरते.

यावरून एका जुन्या समजुतीचाही निकाल लागतो. निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी यांचा जाड थर देण्याची पद्धत आहे. पण बारीक पोकळ्यांनी धरून ठेवलेले पाणी मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत ते तिथेच अडते. म्हणजे तो चिखलाचा थर नाहीसा होत नाही. खडीच्या वर, मुळांच्या अधिक जवळ सरकतो!

घरातल्या जाणत्या मंडळींना हे पटणार नाही. वाद घालू नका, करून दाखवा. प्लॅस्टिकच्या दोन पारदर्शक बाटल्यांचे गळे कापा आणि तळाला सारखी भोके पाडा. एकीत तळाशी चार सेंटिमीटर खडी आणि तिच्यावर माती भरा, दुसरीत नुसती माती. दोन्हींत माती वर एकाच पातळीपर्यंत येऊ द्या. भरपूर पाणी घालून रात्रभर निथळू द्या. सकाळी ओलीचा गडद पट्टा कोणत्या बाटलीत कितपत उंचीवर आहे ते पहा.

मग करायचे काय? भोकावर खापरीचा एक तुकडा पालथा ठेवावा म्हणजे माती वाहून जात नाही. बाकी सगळी कुंडी एकसारख्या मिश्रणाने भरावी. आपली काळी माती अतिशय बारीक कणांची असते. ती पाणी धरून फुगते आणि वाळली की भेगाळते. शेतात तिचे मोल आहे, पण कुंडीत नुसती काळी माती नको. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा नारळाचा भुसा हे प्रमाण बहुतेक झाडांना मानवते. कोरफडीला आणि निवडुंगांना वाळू आणखी वाढवा.

कुंडी की माठ?

मातीची कुंडी आणि पाण्याचा माठ ही सख्खी भावंडे. दोघांच्याही अंगातून पाणी पाझरते आणि त्याची वाफ होते. ३० अंशांच्या आसपास १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. दिवसभरात कुंडीच्या भिंतीवरून १०० ग्रॅम पाणी उडाले, तर ५८,००० कॅलरी खर्च होतात. १० किलो पाणी ५.८ अंशांनी थंड करायला एवढी उष्णता काढून घ्यावी लागेल. मुळांना हा गारवा फुकट मिळतो आणि भिंतीतून थोडी हवाही मिळते. किंमत एकच, मातीच्या कुंडीला पाणी जास्त लागते.

प्लॅस्टिकच्या कुंडीत पाणी टिकते, पण हा गारवा नाही. त्यात ती काळी असेल आणि पश्चिमेच्या उन्हात असेल, तर आतली मुळे अक्षरशः भाजतात. अशी कुंडी बाहेरून पांढरी रंगवा किंवा एखाद्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवा. दोहोंमधली हवा उष्णता आत जाऊ देत नाही.

कोशिंबीर आणि खत

आई कोशिंबिरीसाठी काकडी चोचवते आणि मीठ लावून ठेवते. थोड्या वेळाने पहा, भांड्यात पाणी जमलेले असते. ते पाणी काकडीच्या पेशींतले. बाहेर मिठाचे प्रमाण जास्त झाले, म्हणून पेशीच्या पडद्यातून पाणी बाहेर आले. हे परासरण.

कुंडीत रासायनिक खताची मूठभर जास्त पूड टाकली, की मुळांची नेमकी काकडी होते! मातीतले पाणी मुळांत जाण्याऐवजी त्यांना ते मिळेनासे होते. पानांच्या कडा करपतात आणि आपण म्हणतो, "खत उष्ण पडले." त्यात उष्णतेचा काही संबंध नाही, संबंध आहे विद्राव्य क्षारांचा. मातीच्या कुंडीवर बाहेरून येणारा पांढरा थर हेच क्षार. यावर उपाय असा, की पाणी घालायचे तेव्हा खालून निथळेपर्यंत घाला म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. आणि खत द्यायचे ते थोडे थोडे, विरळ करून, ओल्या मातीत.

शिवाय खत म्हणजे झाडाचे जेवण नव्हे. व्हान हेल्माँट या शास्त्रज्ञाने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे वाळुंज जातीचे रोप लावून पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले आणि माती घटली अवघी दोन औंस! सगळे वजन पाण्यातून आले असे त्याने मानले. त्याला हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा ठाऊक नव्हता. झाड आपले अन्न हवा, पाणी आणि प्रकाश यांतून स्वतः बनवते. खतातून मिळतात ते थोडे पण आवश्यक क्षार, आपल्या जेवणातल्या मिठासारखे.

उजेड डोळ्यांनी मोजू नका

"आमच्या दिवाणखान्यात भरपूर उजेड आहे, तरी गुलाब का फुलत नाही?" या तक्रारीत खोटेपणा नाही, पण साक्षीदार चुकीचा आहे. आपला डोळा बदलत्या प्रकाशाशी फार पटकन जुळवून घेतो. भर उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते. रात्री ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत ती एक-दोनशे लक्सच्या आसपास भरते. फरक पाचशे पटींचा असूनही आपण दोन्हीकडे पुस्तक वाचू शकतो. झाडाला मात्र हे फसवणे जमत नाही. हल्ली बऱ्याच मोबाइल फोनमध्ये प्रकाश मोजण्याची सोय असते. घरातल्या मोठ्यांकडून फोन मागून घ्या आणि खिडकीपासून एक-एक पाऊल मागे सरकत आकडे लिहा. तुम्हीच चकित व्हाल.

फोन नसेल तर सोपी युक्ती आहे. कुंडी ठेवायच्या जागी आपले डोके नेऊन वर पहा. आकाशाचा किती भाग दिसतो? जेवढे आकाश, तेवढा प्रकाश.

गॅलरी कोणत्या दिशेला आहे हेही पहा. मुंबई-पुण्याचे अक्षांश १८.५ ते १९ अंश उत्तर. डिसेंबरच्या अखेरीस येथे माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतवर येते. मेच्या मध्यास सूर्य दुपारी डोक्यावर येतो आणि जुलैच्या अखेरीपर्यंत तो माध्यान्ही थोडा उत्तरेकडेच असतो. त्या काळात दक्षिणेच्या गॅलरीवर छत असेल, तर थेट ऊन जवळजवळ बंद, आणि उत्तरेच्या गॅलरीत सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन! म्हणून कुंड्यांच्या जागा वर्षातून दोनदा तरी बदलाव्या लागतात. दर महिन्याच्या एक तारखेला उन्हाची कड खडूने जमिनीवर आखून ठेवा, म्हणजे तुमच्या गॅलरीचे स्वतःचे पंचांग तयार होईल.

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी

गुलाब, मोगरा, जास्वंद, तुळस यांना रोज पाच-सहा तास थेट ऊन हवे. तुळशीच्या मंजिऱ्या वरचेवर खुडा, म्हणजे ती उंच किडकिडीत न होता डेरेदार होते. मनीप्लँट कमी उजेडात भागवून घेतो, पण खिडकीकडे झुकतो. दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवा. पुदिन्याला ओल आवडते.

कोरफडीची रीत उलटी. ती रंध्रे दिवसा मिटते आणि रात्रीच्या गारव्यात उघडते. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड साठवून दिवसा वापरते. त्यामुळे पाणी फार थोडे उडते. तिला रोज पाणी घालणे म्हणजे प्रेमाने बुडवणेच. आपल्याकडे ब्रह्मकमळ म्हणून लावतात ते झाडही निवडुंगाच्या कुळातले आणि मूळचे अमेरिका खंडातले. हिमालयातले ब्रह्मकमळ वेगळे. यालाही साठलेले पाणी सोसत नाही.

शेवंती तर रात्र मोजते! रात्री पुरेशा लांब झाल्यावरच तिला कळ्या धरतात. झाडे दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलण्याची वेळ ठरवतात, हे गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिले. तुमची शेवंती हिरवीगार असून फुलत नसेल, तर रात्री तिच्यावर रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडतो का ते तपासा.

सुट्टीत कुंड्यांचे काय?

मे महिन्यात आठ दिवस गावाला जायचे म्हणजे कुंड्यांवर संकटच. येथे केशाकर्षणच आपल्या मदतीला येते. कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवा. शेजारी उंचावर पाण्याची बादली ठेवा. जाड सुती दोरी किंवा जुन्या सुती साडीची पिळलेली पट्टी पाण्यात भिजवा. तिचे एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरे कुंडीच्या मातीत पाच-सात सेंटिमीटर खोल पुरा. माती कोरडी होत जाईल तसे वातीतून पाणी येत राहील.

मात्र ही व्यवस्था निघायच्या आदल्या रात्री करू नका. चार दिवस आधी करा आणि बादलीतले पाणी रोज किती घटते ते मोजा. समजा, चार कुंड्यांनी मिळून दिवसाला दीड लिटर घेतले, तर आठ दिवसांना बारा लिटर. एक बादली पुरते. वाती फार जाड असतील तर कुंडीत चिखल होईल. तसे दिसले तर वात बारीक करा किंवा बादली थोडी खाली घ्या. बादलीवर झाकण हवेच. डेंग्यू पसरवणारे डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतात. त्याच कारणाने कुंड्यांखालच्या ताटल्याही आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून पुसत चला.

शेवटी एक काम तुमच्यावर सोपवतो. एका कुंडीतल्या मातीवर, खोडाभोवती प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि आठ दिवस सकाळ-संध्याकाळ तिचे वजन करा. शेजारी त्या दिवसाचे तापमान आणि आकाश ढगाळ की निरभ्र हे लिहा. एक ग्रॅम घट म्हणजे एक मिलिलिटर पाणी. मग आलेख काढा. हेल्स यांनी केले तेच तुम्हीही कराल, आणि तुमच्या झाडाला किती पाणी हवे हे कोणत्याही पुस्तकापेक्षा तुमची वही जास्त अचूक सांगेल. हाताला गुण येतो तो असा!